नवीन मेटल डिटेक्टर भंगाराच्या जमिनीत नुसता किटकिट करतोय? सर्व्हिसला पाठवायच्या आधी हे बघा

नवीन मशीन घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते, आणि "जरा बघा ना, बिघडलंय वाटतं" म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मशिनांमध्ये बिघडलेलं काहीच नसतं. मोकळ्या माळावर व्यवस्थित चालणारं मशीन जुन्या वस्तीच्या जागी, जत्रेच्या मैदानात, पाडलेल्या घराच्या राडारोड्यावर नेलं की ते वेड्यासारखं करायला लागतं आणि मालकाला वाटतं पैसे पाण्यात गेले.

खाली सगळं सोप्यापासून अवघडाकडे आणि फुकटापासून खर्चिकाकडे लावलंय. क्रम मोडू नका, कारण प्रत्येक तपासणी मागची झालीय असं धरून पुढे जाते. हे सगळं व्हीएलएफ प्रकारच्या मशीनबद्दल आहे, म्हणजे ज्याला धातू ओळखायला स्क्रीनवर नंबर आणि वेगवेगळे टोन असतात ते. पल्स इंडक्शनचं मशीन घेऊन खिळ्यांच्या जागेत उतरला असाल तर ते लोखंड ओळखण्यात मुळातच कच्चं असतं, त्याला यातलं फारसं काही लागू पडणार नाही.

लक्षणं

- कॉईल (दांड्याच्या टोकाची तबकडी) हलली की सतत टिकटिक, किटकिट, एकही स्वच्छ टोन नाही
- एकाच जागेवर नंबर आधी १२, मग ३५, मग ८०, परत १२
- डावीकडून उजवीकडे नेताना सुंदर उंच टोन, परत आणताना काहीच नाही
- नंबर चांगला, खणलं की वाकडा गंजका खिळा नाहीतर बाटलीचं पत्र्याचं झाकण
- टोन एका जागी, पिनपॉइंट (वस्तूची नेमकी जागा दाखवणारा मोड) दुसऱ्याच जागी
- खणायला सुरुवात केली की सिग्नल गायब
- किंवा बरोब्बर उलटं, कितीही फिरलं तरी मशीन गप्प

शेवटचं लक्षण कोणी तक्रार म्हणून सांगतच नाही कारण त्याचा कानाला त्रास होत नाही, पण भंगाराच्या जमिनीत गप्प बसलेलं मशीन बडबडणाऱ्यापेक्षा वाईट, ते का ते पुढे येईलच.

सगळ्यात आधी: कॉईल हलवू नका

मशीन चालू करा, सेन्सिटिव्हिटी मधोमध ठेवा, कॉईल कमरेच्या उंचीवर समोर धरा आणि अर्धा मिनिट अजिबात हलवू नका. पिनपॉइंट सोडला तर या मशिनांचे नेहमीचे मोड हलत्या कॉईलवर चालतात, कॉईल आणि वस्तू यांच्यात हालचाल झाली तरच ते बोलतात. मग कॉईल थांबलेली असताना मशीन बोलत असेल तर त्याचा जमिनीतल्या कचऱ्याशी काडीचाही संबंध नाही. तो आवाज बाहेरून येतोय, म्हणजे विजेच्या तारा, मोबाईल, शेजारचं दुसरं मशीन, नाहीतर आतून येतोय, म्हणजे केबल, कनेक्टर, बॅटरी.

स्थिर धरल्यावर गप्प आहे? मग ऑल मेटल मोडमध्ये, म्हणजे कुठलाच धातू बंद न ठेवता, फिरून एखादी परातीएवढी रिकामी जागा शोधा आणि तिथे कॉईल जमिनीवर वर-खाली करा. आवाज आला तर दोष ग्राउंड बॅलन्सचा (तो काय ते पुढे येतंय) किंवा वाढवून ठेवलेल्या सेन्सिटिव्हिटीचा. इथेही गप्प आणि फक्त भंगारावर आडवी फिरवल्यावरच किटकिट? मग मशीन ठणठणीत आहे. जमिनीत माल भरलेला आहे आणि ते तुम्हाला तेच सांगतंय.

ही तपासणी फुकट आहे, दोन मिनिटांची आहे आणि पुढचं निम्मं काम वाचवते, तरी लोक ती सोडून थेट सेटिंग्जमध्ये घुसतात.

तुमच्या अंगावरचं लोखंड

बुटाच्या टोकात स्टीलची वाटी असलेले सेफ्टी शूज घालून कॉईल पायाजवळून नेली की प्रत्येक फेरीला एक टोन ठरलेला. आवाज नेमका स्विंगच्या एकाच टोकाला येतोय का ते ऐका. हातातलं फावडं, पट्ट्याचं बक्कल, मनगटावरचं कडं, सगळं त्यात आलं. पिनपॉइंटर (खड्ड्यात शोधायचं हातातलं छोटं यंत्र) चालू ठेवून पट्ट्याला लटकवला असेल तर तो बंद करा, दोन्ही एकमेकांच्या कामात लुडबुड करतात. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, खिशात नुसता सायलेंट करून उपयोग नाही.

केबल, बोल्ट, कव्हर

कॉईलची केबल दांड्याला घट्ट गुंडाळलेली पाहिजे. कॉईलजवळ तिचा लोंबता फास राहिला तर स्विंग करताना तो हलतो आणि मशीनला तीही धातूची हालचालच वाटते. फक्त कॉईलच्या सांध्यापाशी थोडी ढील ठेवा, नाहीतर कॉईल वाकवताना केबल मुळातून ओढली जाते आणि मग खरंच खर्चाचं काम निघतं. कनेक्टर काढून पिना बघा, ओल किंवा माती असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, परत लावून हाताने पूर्ण आवळा. पक्कड वापरू नका.

कॉईल धरणारा बोल्ट प्लॅस्टिकचा असतो तो मुद्दाम. तो हरवला म्हणून घरातला लोखंडी नट-बोल्ट बसवलेली मशिनं बघितली आहेत, आणि मालक महिनोन्‌महिने सेन्सिटिव्हिटीला शिव्या देत होता.

कॉईलचं खालचं कव्हर काढून आत बघा. काळी वाळू, गंजाची भुकटी, ओली माती तिथे साचते आणि कॉईलबरोबर फिरत राहते. धुवा, वाळवा, परत लावा.

बॅटरी आणि हेडफोन

सेलवाल्या मशीनमध्ये जुने आणि नवे सेल मिसळू नका. रिचार्जेबल एनआयएमएच सेल १.२ व्होल्टचे, साधे अल्कलाइन १.५ चे, त्यामुळे रिचार्जेबल पूर्ण भरलेले असले तरी काही मशिनांवर बॅटरीची पट्टी कमी दिसते, तो बिघाड समजू नका. संपर्काच्या पट्ट्यांवर पांढरा-हिरवा थर दिसला तर खोडरबरने घासून काढा.

वायरचे हेडफोन असतील तर पिनपाशी वायर हलवून बघा, खरखर तिथूनच येत असते. वायरलेसची भानगड वेगळी. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो, तोवर कॉईल पुढे गेलेली असते, त्यामुळे वस्तू खरी जिथे आहे त्याच्या पुढे वाटते, आणि परत येताना उलट्या बाजूला. मोकळ्या जमिनीत हे चालून जातं. भंगारात वीतभर जागेत चार वस्तू असतात, तिथे कुठला टोन कशाचा हेच कळेनासं होतं. शंका आली तर हेडफोन काढून स्पीकरवर ऐका, फरक लगेच कळतो.

फॅक्टरी रिसेट आणि बाहेरचा गोंगाट

नवीन मशीन हातात आलं की माणूस आधी सगळी बटणं दाबून बघतो, व्हिडिओ बघून कोणाची तरी सेटिंग्ज भरतो, मग कुठलं काय बदललंय ते आठवत नाही. फॅक्टरी रिसेट करा. यात गमावण्यासारखं काही नाही आणि पुढची प्रत्येक तपासणी माहीत असलेल्या जागेवरून सुरू होते.

मग नॉईज कॅन्सल किंवा फ्रिक्वेन्सी शिफ्ट, जे काय तुमच्या मशीनवर असेल ते, कॉईल स्थिर धरून चालवा. वर हाय टेन्शनच्या तारा, जवळ इलेक्ट्रिक कुंपण किंवा जमिनीखालून केबल गेलेली असेल तर चॅनेल बदलून फरक पडतो. नाहीच पडला तर सेन्सिटिव्हिटी खाली आणा, तेवढ्यानेही नाही भागलं तर जागा बदला. बरोबर दुसरं कोणी शोधत असेल तर दोघांनी वेगवेगळे चॅनेल घ्या आणि अंतर ठेवून चाला.

ग्राउंड बॅलन्स: खिळ्यावर करू नका

जमिनीत स्वतःचं लोहखनिज असतं, ग्राउंड बॅलन्स म्हणजे मशीनला सांगणं की हा एवढा आवाज जमिनीचा, तो सोडून दे. भंगाराच्या जागेत गोची अशी की बॅलन्स करताना कॉईलखाली खिळा असला तर मशीन जमीन सोडून खिळा शिकतं आणि त्यानंतर त्याचं सगळंच बिनसतं.

ओळखायचं असं. वर-खाली करताना बॅलन्सचा आकडा स्थिर यायला हवा. तो दर वेळी भलतीकडे पळत असेल तर खाली धातू आहे, दोन पावलं बाजूला व्हा. तीन-चार जागी जवळपास सारखाच आकडा आला की तो जमिनीचा समजा. ऑटो ट्रॅकिंग असेल तर भंगारात बंद ठेवा, कारण ते सतत खालचं वाचून स्वतःला बदलत असतं आणि लोखंडाची दाटी असलेल्या जागी त्याला जमीन कुठली नि भंगार कुठलं ते कळत नाही. एकाच सिग्नलवर बराच वेळ कॉईल घोळवत बसलात तर काही मशिनं तो सिग्नलच पुसट करून टाकतात.

सेन्सिटिव्हिटी कमी करा, खरंच करा

हा सल्ला ऐकून सगळ्यांचं तोंड वाकडं होतं. नवीन मशीन, कमाल आकडा २५ असेल तर २५ वरच ठेवायचा, नाहीतर खोलातलं सुटेल ना.

हिशोब बघा. खोलातल्या छोट्या वस्तूचा सिग्नल अंतराच्या जवळजवळ सहाव्या घाताने पडतो, कारण कॉईलचं क्षेत्र खाली जाताना क्षीण होतं आणि वस्तूकडून परत येतानाही तेवढंच क्षीण होतं. याचा उलटा अर्थ असा की मशीनची ताकद निम्मी केली तरी पोच साधारण दहा-पंधरा टक्क्यांनीच घटते. म्हणजे वीतभर खोलीतलं जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर जाणार, आणि बदल्यात कडेचे, बाजूचे, वरवरचे शेकडो गंजके तुकडे जे उगाच कुरकुरत होते ते गप्प होणार. भंगाराच्या जमिनीत तसंही तुमची खोली सेन्सिटिव्हिटीने ठरत नाही, वर पडलेल्या खिळ्यांनी ठरते.

आकडा कुठे ठेवायचा? रिकाम्या जागेवर स्विंग करताना मशीन गप्प होईपर्यंत खाली आणा आणि मग अजून एक पायरी खाली. एवढंच. मशीन शांत झाल्यावर कुजबुजीसारखे बारीक सिग्नलही ऐकू येतात, आधी ते गोंगाटात बुडत होते.

डिस्क्रिमिनेशन वाढवणं हा इलाज नाही, तोच आजार आहे

इथे जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

डिस्क्रिमिनेशन म्हणजे नको त्या धातूंचा आवाज बंद करणं. किटकिट सुरू झाली की माणूस लोखंड बंद करतो. अजून किटकिट, अजून वर नेतो. फॉईल बंद, कॅनच्या रिंगा बंद. मशीन मस्त शांत होतं आणि त्याच दिवशी त्याचा उपयोग संपतो. कारण नको असलेल्या वस्तूवरून जाताना मशीन आवाज दाबतं, आणि दाबून परत कान उघडायला त्याला क्षणभर लागतो. तेवढ्यात कॉईल शेजारच्या चांगल्या वस्तूवरून निघून गेलेली असते. भांडणाऱ्या माणसाचं तोंड दाबताना त्याच्यामागे हळू बोलणाऱ्याचंही ऐकू येत नाही, तसं.

स्वतः करून बघा. नाणं घ्या, पण आधी त्याला लोहचुंबक लावून बघा कारण हल्लीची बरीच नाणी स्टीलची असतात आणि मग सगळा प्रयोगच फसतो. तांब्या-पितळेचा एखादा वॉशर घेतला तरी उत्तम. तो रिकाम्या जागेवर ठेवा, कॉईल फिरवा, टोन आणि नंबर ऐकून घ्या. आता बोटभर अंतरावर एक गंजका खिळा ठेवा. लोखंड बंद असलेल्या मोडमध्ये फिरवा, वॉशरचा टोन तुटतो, अर्धवट टिक् येते, कधी पूर्णच जातो. आता लोखंड चालू करा. आधी जाड घर्र, त्याला चिकटून बारीक टिंग. वॉशर तिथेच होता, फक्त मशीनला बोलायची परवानगी नव्हती. मग खिळ्याची दिशा बदला, वॉशरच्या दोन्ही बाजूंना दोन खिळे ठेवा, वेगवेगळ्या बाजूंनी चालत येऊन कॉईल फिरवा. एका बाजूने वॉशर अजिबात सापडत नाही आणि काटकोनात वळून आलं की लख्ख वाजतो, हे स्वतःच्या कानाने ऐकल्याशिवाय पटत नाही. मॅन्युअलची पाचपन्नास पानं वाचून जे कळत नाही ते या दोन खिळ्यांत कळतं.

म्हणून माझं ठरलेलं सेटिंग असं: लोखंड बंद नाही, लोखंडाला वेगळा जाड टोन, आणि मशीनवर सोय असेल तर त्या टोनचा आवाज कमी. नॉच, म्हणजे मधलेच ठरावीक नंबर बंद करणं, तर भंगारात वापरूच नका. कॅनची रिंग आणि सोन्याची अंगठी यांचे नंबर एकमेकांवर बसतात, रिंगांचा नंबर बंद केला की अंगठ्याही बंद केल्या. या दोन्हींना वेगळं करणारं सेटिंग कुठल्याच मशीनवर नसतं, कोणी तसं सांगत असेल तर सोडून द्या.

शेजारच्या धातूने मशीन गोंधळण्याचा प्रकार मशीनच्या जन्मापासूनचा आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली तेव्हा शरीरातली गोळी शोधायला टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी इंडक्शन बॅलन्सचं यंत्र आणलं होतं. गोळी काही सापडली नाही, आणि पलंगाच्या गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांनी यंत्राचा गोंधळ केला असं त्याचं एक कारण सांगतात. बेलसारख्या माणसाचं जिथे यंत्र गोंधळलं तिथे आपण जमिनीला आणि मशीनला किती नावं ठेवायची.

हात

आता मशीन ठीक, सेटिंग ठीक, राहिला तुमचा हात. नवीन माणूस कॉईल झाडूसारखी भराभर मारतो आणि दोन्ही टोकांना वर उचलतो. भंगारात वेग निम्मा करा, स्विंग छोटा करा, अगदी दोन-तीन फुटांचा, आणि कॉईल जमिनीला समांतर ठेवून शेवटपर्यंत खालीच ठेवा. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी तरी चढली पाहिजे. डबल डी कॉईलचं (आत इंग्रजी डी आकाराची दोन वेटोळी असलेल्या कॉईलचं) क्षेत्र पुढून मागे अरुंद पट्टीसारखं असतं, त्यामुळे ती शेजारशेजारच्या वस्तू चांगल्या वेगळ्या करते, पण पुढे सरकताना मोठं पाऊल टाकलं तर मधे जमीन न बघितलेली राहते.

काहीतरी तुटक टिक् आली की तिथेच थांबून कॉईल चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे हलवा, मग स्वतः काटकोनात फिरून परत. पूर्ण जागा एका दिशेने झाली की आडव्या दिशेने परत करा. कंटाळवाणं आहे, पण आपण रिकामी म्हणून सोडलेल्या पट्ट्यात दुसऱ्या दिशेने हमखास काहीतरी निघतं.

खोटे सिग्नल ओळखणं

खिळा बऱ्याचदा उंच टोन देतो, विशेषतः वाकलेला, जाड गंज चढलेला. त्याची खूण म्हणजे उंच टोन एकाच दिशेने येतो आणि काटकोनात वळलं की जाड घर्र होतो. पिनपॉइंट केलं की जागा उंच टोनच्या जागेपासून बाजूला सरकते, कारण टोन खिळ्याच्या टोकापाशी वाजत होता आणि पिनपॉइंट खऱ्या लोखंडावर जातं. खरी चांगली वस्तू दोन्ही दिशांनी वाजते, नंबर दोन-चार आकड्यांच्या आतच हलतो आणि पिनपॉइंट तिथेच लागतं. फक्त लक्षात ठेवा की वस्तू खोल असेल किंवा शेजारी लोखंड असेल तर चांगल्या वस्तूचा नंबरही भरकटतो, तेव्हा दोन्ही दिशांनी वाजतंय पण नंबर हलतोय असं असेल तर खणा.

पत्र्याचं झाकण जास्त बेरकी. वरून अगदी नाण्यासारखं गोल, गोड, ठाम वाजतं. त्याच्यावर कॉईल छोटी छोटी हलवत हळूहळू स्वतःकडे ओढा, म्हणजे झाकण कॉईलच्या पुढच्या टोकाखालून बाहेर निघेल. निघता निघता टोन फाटून लोखंडाची घर्र आली तर बहुतेक झाकणच. नाण्याचा टोन असा फाटत नाही, नुसता विरतो. दुसरी खूण, कॉईल जरा वर उचलून फिरवा, झाकणाचा नंबर घसरतो किंवा उड्या मारतो. प्रत्येक वेळी जमेलच असं नाही, आणि शेजारी खिळा असला तर दोन्ही खुणा फसतात.

मोठं भंगार, डबा, पत्र्याचा तुकडा, पाईप असेल तर कॉईल गुडघ्यापर्यंत उचलली तरी तेवढ्याच जोरात वाजतं. छोटी वस्तू एवढ्या उंचीवर कधीच हरवलेली असते.

आणि खणल्यावर सिग्नल गायब? बऱ्याचदा तो गंज असतो. वर्षानुवर्षं पडलेल्या लोखंडाचा गंज आजूबाजूच्या मातीत मुरतो, माती उसकली की तो पसरतो आणि आवाज जातो. खड्डा आणि काढलेला ढीग दोन्हींवर एकदा कॉईल फिरवा, काही नसेल तर बुजवून पुढे चला.

सुरुवातीला शंका येईल ते सगळं खणा, आणि खणायच्या आधी काय निघेल ते मोठ्याने म्हणा. चुकलात की ती वस्तू परत जमिनीवर ठेवून परत ऐका. निघालेला कचरा पिशवीत भरून घेऊन जा, खड्ड्यात परत टाकाल तर पुढच्या वेळी तोच खिळा तुम्हाला परत फसवेल. शिवाय वरचं लोखंड निघालं की त्याच्याखालचं बोलायला लागतं, त्यामुळे साफ केलेल्या जागेवरून लगेच परत एकदा फिरवा.

रिकव्हरी स्पीड आणि आयर्न बायस

ही दोन सेटिंग्ज कान तयार झाल्यावरच हलवा. रिकव्हरी स्पीड वाढवला की मशीन एका वस्तूतून लवकर मोकळं होऊन दुसरी ऐकतं, भंगारात हेच पाहिजे, मात्र टोन तोकडे होतात आणि थोडी खोली जाते. आयर्न बायस वाढवला की खिळ्यांचे खोटे उंच टोन कमी होतात, पण खिळ्याला चिकटून असलेली चांगली वस्तूही लोखंडात जमा होते. एका वेळी एकच बदला आणि दर वेळी तो वॉशर-खिळ्याचा प्रयोग परत करा. दुसऱ्याच्या आकड्यांवर जाऊ नका, प्रत्येक कंपनीची पट्टी वेगळी असते आणि त्याची जमीनही वेगळी.

मग छोटी कॉईल

इथवर सगळं करून झालं आणि तरी जागा इतकी दाट आहे की मोकळा तळहात मिळत नाही, तेव्हा पैसे खर्च करायचे. ११ इंची कॉईलखाली एका वेळी पाच-सहा खिळे येतात, ५ किंवा ६ इंचीखाली एक-दोन. खोली जाते, पण खिळ्यांच्या मधल्या फटीतून वस्तू दिसायला लागतात. तुमच्याच मॉडेलची कॉईल घ्या, पिना जुळल्या म्हणून दुसऱ्या मॉडेलची चालेल असं धरू नका. नवीन मशीन घ्यायचा विचार मनात आला असेल तर तो छोटी कॉईल वापरून झाल्यावर करा.

इथे थांबा

काही ठिकाणी सेटिंगचा प्रश्नच नसतो. खड्ड्यात तोफगोळ्यासारखं, हातबॉम्बसारखं, काडतुसांच्या ढिगासारखं काही दिसलं तर हात लावू नका, उचलू नका, वरून कॉईलही फिरवू नका, आलात त्याच वाटेने मागे जा आणि पोलिसांना कळवा. गंजलंय म्हणजे निकामी झालंय असं अजिबात नसतं. लांबलचक सरळ रेषेत जोरदार सिग्नल जात असेल तर खाली केबल किंवा पाईप असू शकतो, तिथे खणू नका, ज्यांची लाईन असेल त्यांना विचारा. हाडं निघाली, किंवा भांडी, मूर्ती, नाण्यांचा साठा असं काही एकत्र निघालं तर काम तिथेच थांबवून पोलीस किंवा पुरातत्त्व खात्याला बोलवा, वस्तू जागच्या जागी राहिली तरच त्यांना त्यातून काही कळतं. आणि शोधायला जायच्या आधीच त्या जागेच्या मालकाची परवानगी आणि तिथला कायदा बघून घ्या, बऱ्याच ठिकाणी संरक्षित जागेवर नुसतं मशीन नेणंही गुन्हा असतो.

मशीनच्या बाबतीत थांबायच्या खुणा अशा: तारांपासून दूर मोकळ्या जागी स्थिर धरूनही बडबड, केबल मुळापाशी जरा वाकवली की आवाज, कॉईलला हलकी टिचकी मारली की जोरदार टोन, स्क्रीनच्या आत वाफ, फुगलेली लिथियम बॅटरी. फुगलेली बॅटरी चार्ज करू नका आणि दाबूनही बघू नका. कॉईल उघडायच्या भानगडीत पडू नका, आतल्या तारा इपॉक्सीत ओतलेल्या असतात आणि त्यांची एकमेकींवरची जागा जरा हलली तरी बॅलन्स कायमचा जातो. त्याच मॉडेलची दुसरी कॉईल कोणाकडून मिळाली तर लावून बघा, दोष गेला तर कॉईल गेलीय, राहिला तर कंट्रोल बॉक्स.

सर्व्हिसला पाठवताना "भंगारात बडबडतं" एवढंच लिहू नका, ते रिसेट करून परत पाठवतील. रिसेटनंतर, मोकळ्या जागी, कॉईल स्थिर असतानाचा छोटा व्हिडिओ काढा, त्यात सेन्सिटिव्हिटीचा आकडा आणि बॅटरीची पट्टी दिसू द्या, केबल कुठे वाकवल्यावर आवाज येतो ते दाखवा, आणि दुसरी कॉईल लावून बघितली असेल तर तसं लिहा.